परिषदेच्या पिशवीवर नेमकं काय छापलेलं असतं?

सांगली-मिरजेच्या कुठल्याही महाविद्यालयात राष्ट्रीय परिषद ठरली की पहिल्या बैठकीत तारीख ठरते, दुसऱ्या बैठकीत बीजभाषक ठरतो आणि तिसऱ्या बैठकीच्या शेवटी, चहा संपून लोक उठायच्या बेतात असताना, बोधचिन्हाचा विषय निघतो. कुणीतरी डीटीपीवाल्याला फोन लावतं. तो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन नमुने टाकतो आणि प्राचार्य त्यातला मधला पसंत करतात. त्या मधल्यात काय असतं हे न बघताही सांगता येतं: पृथ्वीचा गोल, उघडं पुस्तक, पुस्तकातून निघणारी ज्योत, भोवती दातेरी चक्र, आणि गाव कळावं म्हणून गणपती मंदिराचं शिखर किंवा आयर्विन पुलाच्या कमानी.

त्यात वावगं काही नाही. अडचण एवढीच की हेच चिन्ह रसायनशास्त्राच्या परिषदेला चालतं, ग्रंथपालांच्या परिषदेला चालतं आणि सहकारावरच्या चर्चासत्रालाही चालतं. वरचं नाव झाकलं तर परिषद कशावर होती हे खुद्द समितीतल्या माणसाला ओळखता येणार नाही. माझं म्हणणं असं की परिषदेच्या बोधचिन्हानं एक दावा करायला हवा: आमच्या विषयातली मूळ गोष्ट ही आहे. हा दावा चित्रात कसा बसवतात आणि ते चित्र पिशवीवर, बिल्ल्यावर, मगवर गेलं की त्याचं काय होतं, हे जरा सावकाशीनं पाहू. उदाहरणाला हळद घेतो. सांगलीत बसून दुसरं काय घेणार?

हळकुंड, डाग आणि हळद-कुंकू

चिन्हांचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) या अमेरिकन तत्त्वज्ञाचं नाव अगदी वर येतं. त्यांचं लेखन भलतंच किचकट आहे, पण त्यातली एक वर्गवारी कुणालाही वापरता येण्यासारखी आहे. कोणतीही खूण आपल्या वस्तूकडे तीन वाटांनी बोट दाखवू शकते, असं ते म्हणतात.

पहिली वाट सारखं दिसण्याची. कागदावर हळकुंड काढलं, ते हळकुंडासारखं दिसतं, म्हणून आपण त्याला हळद म्हणतो. दुसरी वाट प्रत्यक्ष संबंधाची. मार्केट यार्डात सौदे करून आलेल्या माणसाची बोटं पिवळी असतात. तो डाग हळकुंडासारखा अजिबात दिसत नाही, पण हळदीला हात लागल्याशिवाय तो पडत नाही. तो हळदीचा पुरावाच आहे. तिसरी वाट रूढीची. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं की कार्य शुभ आहे हे आपल्याला कळतं. पिवळ्या रंगात स्वतःचं असं शुभ काही नाही. आपण सगळ्यांनी मिळून पिढ्यानपिढ्या तसं मानलं, म्हणून ते तसं झालं. दुसऱ्या देशातल्या पाहुण्याच्या हातात तीच पत्रिका दिली तर त्याला वाटेल, जेवताना काहीतरी सांडलं.

बहुतेक बोधचिन्हं पहिल्या वाटेनं निघतात आणि तिसऱ्या वाटेवर येऊन थांबतात. पुस्तक काढायचं आणि 'ज्ञान' असं वाचायचं, ज्योत काढायची आणि 'प्रबोधन' असं वाचायचं. दुसरी वाट, पुराव्याची, चित्रकाराला फारशी सुचत नाही, आणि मला सगळ्यात रस तिच्यात आहे. पिशव्या आणि बिल्ले मुळात या दुसऱ्या वाटेचेच असतात. त्याकडे पुढे येऊच.

आता समजा सांगलीत हळदीवर परिषद भरवायची आहे. बोधचिन्हात काय घ्यायचं? पहिली सूचना हळकुंडाची येणार. ते पिवळ्या रंगात बरं दिसतं, पण पावतीपुस्तकावर काळ्या शाईत छापलं की आलं वाटतं, आणि पाहुण्यांना आल्याच्या परिषदेला आल्यासारखं होतं. दुसरी सूचना सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांची. जमिनीखाली खोदलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असं हे कोठार. त्याचा उभा छेद काढला तर आकार फार देखणा येतो. परिषद साठवणुकीवर, बाजारावर किंवा शेतमालाच्या इतिहासावर असेल तर याच्यापुढे दुसरं चिन्ह शोधूच नये. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि या हळदीची ओळख या साठवणुकीपासून वेगळी काढता येत नाही.

पण परिषद पेटंट आणि पारंपरिक ज्ञानावर असेल तर पेव काही कामाचं नाही. तिथं आठवणार १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याबद्दल मिळालेलं पेटंट, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या केंद्रीय संशोधन संस्थेनं जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडून १९९७ साली ते रद्द करून घेतल्याची गोष्ट. तिथं चिन्हात चिंधीची पट्टी बांधलेलं बोट काढलं तरी पुरे. कुठल्याही मराठी घरात त्या चिंधीखाली काय आहे हे सांगावं लागत नाही.

आणि परिषद रसायनशास्त्राची असेल तर? हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन नावाच्या द्रव्याचा. अल्कधर्मी पदार्थ लागला की तो तांबडा होतो. लग्नात हळदीचा हात लागलेलं धोतर साबणानं धुवायला गेलेल्या प्रत्येकीनं हे पाहिलंय. पारंपरिक कुंकू याच गुणावर होतं: हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाची क्रिया केली की लाल रंग येतो. म्हणजे करंड्याच्या दोन वाट्यांतला पिवळा आणि लाल हे मुळात एकाच द्रव्याचे दोन अवतार. बोधचिन्ह म्हणून मला हे जवळजवळ परिपूर्ण वाटतं. एक गोल, अर्धा पिवळा, अर्धा लाल. बाकी काही नको. दोनच रंग, आणि एका रंगातून दुसऱ्या रंगात जाण्याची क्रिया हीच परिषदेचा विषय.

आता या चित्राकडे समितीच्या टेबलापलीकडून बघा. पिवळा-लाल गोल दिसला की आपल्याकडे कुणीही कर्क्युमिन म्हणणार नाही. सगळे हळदी-कुंकू म्हणणार. आणि हळदी-कुंकवाच्या समारंभात कुणाला बोलावलं जात नव्हतं, अजूनही कित्येक घरांत जात नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा कुंकू पुसणं हा त्यातला मुद्दा होता. ज्या भागात असा ठराव करावा लागला, तिथं पिवळा-लाल गोल निरागस राहत नाही. परिषदेला आलेल्या एखाद्या प्राध्यापिकेनं तो बिल्ला साडीला लावताना काय वाटून घ्यावं हे समितीच्या हातात नसतं. रूढीची वाट अशीच असते. तिच्यावरून अर्थ तुम्ही बोलावला नसतानाही येतो.

यावर तोड आहे आणि ती आकारात आहे. तेच दोन रंग गोलाऐवजी लांबट पट्टीत घ्या, वरचा भाग पिवळा आणि खालचा, बुडवलेला भाग लाल. आता ती प्रयोगशाळेतली दर्शक पट्टी झाली. शाळेत गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून, वाळवून, साबणाच्या पाण्यात तपासलेला ज्यांना आठवतो, त्यांना कपाळ आठवण्याच्या आधी तो कागद आठवेल. रंग तेच राहिले. फक्त खूण रूढीच्या वाटेवरून उचलून पुराव्याच्या वाटेवर ठेवली. बोधचिन्हाचं बरंचसं कौशल्य या एवढ्याशा सरकवण्यात असतं, आणि ते डीटीपीवाल्याला फोनवरून सांगता येत नाही. विषय जाणणाऱ्या माणसाला त्याच्याशेजारी जाऊन बसावं लागतं.

दोन वड, तीन कड्या

एकाच चित्राचे दोन दावे कसे होतात ते पाहायला साताऱ्यापर्यंतच जावं लागतं. रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी संस्था सुरू केली, १९२४ साली ती साताऱ्याला आली. वडाच्या फांदीला पारंबी फुटते, ती जमिनीत रुजते आणि तिचं खोड होतं. शाळेत शिकलेल्या मुलानं दुसऱ्या गावी जाऊन शाळा उभी करावी, तिथून तिसरी निघावी, हा तो दावा. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य त्या पारंबीलाच लागू पडतं. ती आधी लोंबकळते आणि मग स्वतःच्या पायावर उभी राहते.

तिकडे कोलकात्याला प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चिन्हातही वडच आहे. पण तिथलं ब्रीद आहे 'भिन्नेष्वैक्यस्य दर्शनम्', म्हणजे वेगळ्या वेगळ्या गोष्टींत एकत्व पाहणं. पिकांचं उत्पादन, माणसांच्या उंचीची मोजमापं, कारखान्यातला माल, सगळीकडे आकडे वेगवेगळे आणि त्यांच्यामागची शिस्त एक. इथं वाचायचा तो खोडाकडून पारंब्यांकडे जाणारा प्रसार नाही. इथं अनेक पारंब्यांकडे बघून झाड एकच आहे हे ओळखायचं. तेच झाड, वाचनाची दिशा उलटी. कुणी म्हणेल, हे ब्रीदवाक्य वाचल्याशिवाय कळणार कसं? नाहीच कळत. रूढीच्या चिन्हाला शेजारी एक वाक्य लागतं, आणि वाक्य नसेल तर संस्थेचं अनेक वर्षांचं काम लागतं. दोन दिवसांच्या परिषदेकडे यातलं दुसरं नसतंच.

म्हणून परिषदेनं उसना वड घेऊ नये. तिनं काय घ्यावं याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना गणितज्ञांचा आहे. आंतरराष्ट्रीय गणित संघटनेचं बोधचिन्ह २००६ साली माद्रिदच्या गणित महापरिषदेच्या वेळी पुढे आलं. त्यात एकमेकींत गुंतलेल्या तीन कड्या आहेत. त्यांना बोरोमियन कड्या म्हणतात, कारण इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हात त्या होत्या. गंमत अशी की यातल्या कुठल्याही दोन कड्या घेतल्या तर त्या एकमेकींत अडकलेल्याच नसतात. पण तिन्ही मिळून सुटत नाहीत, आणि कुठलीही एक कापली की उरलेल्या दोन आपोआप मोकळ्या होतात. गणिताच्या शाखा एकमेकींवर कशा टेकून असतात याबद्दलचा हा दावा आहे, आणि तो मान्य करायला कुणाच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही. बोटानं रेषा वर-खाली मोजत गेलं की पटतो.

त्यातही एक खोच आहे. कागदावर या कड्या तीन साध्या वर्तुळांनी काढतात, पण खऱ्या जगात तीन गोल, सपाट बांगड्या घेऊन बोरोमियन कड्या करता येत नाहीत. ते अशक्य असल्याची सिद्धता आहे. म्हणून जॉन सुलिव्हन या गणितज्ञानं आकार वेगळा घेतला. जाड दोराच्या तीन कड्या शक्य तितक्या घट्ट ओढल्या तर दोर जशी वळणं घेईल, त्यावर ते चिन्ह बेतलेलं आहे. कड्या किंचित लवलेल्या दिसतात त्या देखणेपणासाठी नाहीत. तसं केलं नसतं तर गणितज्ञांच्या चिन्हातच अशक्य गोष्ट छापली गेली असती.

आयर्विन पुलावरचे आकडे

घराजवळ येऊ. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्या कमानी शेकडो फ्लेक्सवर दिसतात आणि 'सांगली' एवढंच सांगतात. पण पूर किंवा जलव्यवस्थापन यावर परिषद असेल तर कमानी सोडून पुलाच्या पाणीपातळीचे आकडे घ्यावेत. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. पावसाळ्यात इथला माणूस सकाळी उठून आधी हा आकडा विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि शहरातल्या कित्येक भिंतींवर त्या पाण्याची रेघ पुढं बरेच महिने दिसत होती. ती रेघ म्हणजे पर्सच्या दुसऱ्या वाटेची अगदी शुद्ध खूण. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला चिन्हात दोन आडव्या रेघा आणि ४०, ४५ हे आकडे दिसतील. इथल्या माणसाच्या पोटात खड्डा पडेल.

आकड्यांचं थेट चिन्ह करण्याचा जगातला गाजलेला नमुना म्हणजे तापमानवाढीचे पट्टे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ साली ते केले. एक उभा पट्टा म्हणजे एका वर्षाचं सरासरी तापमान. थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. अक्ष नाहीत, आकडे नाहीत, शब्द नाहीत. डावीकडे निळ्यांची गर्दी आणि उजवीकडे लाल गडद होत जाणारे पट्टे. लोकांनी ते टायवर, स्कार्फवर, मगवर छापून घेतले. ती नक्षी दिसत असली तरी मुळात तो आलेख आहे, आणि टाय बांधलेला माणूस आकड्यांचा साठा गळ्यात घालून हिंडतो. आयर्विन पुलाच्या दरवर्षीच्या सर्वोच्च पातळीचे असेच पट्टे पिशवीवर उतरवायला काय हरकत आहे? मला तरी दिसत नाही.

मिरजेचं उदाहरण याहून नाजूक. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि ध्वनिशास्त्रावर परिषद झाली तर चिन्हात तंबोरा येणार हे ठरलेलंच. सगळे आख्खा तंबोरा काढतात: भोपळा, दांडी, खुंट्या. पण भौतिकशास्त्रज्ञांचा जीव जिथं अडकला ती जागा भोपळ्यावरच्या घोडीपाशी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली, तिथं जे स्वरांश (मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे बारीक स्वर) निश्चल असतात ते त्या छेडण्यातून निघायला नकोत. रामन यांना तंबोऱ्यात ते चांगले ठणठणीत ऐकू आले. कारण घोडीचा माथा धारदार नसतो, तो रुंद आणि किंचित वक्र असतो, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवलेला असतो. तार त्या वक्र माथ्याला लागत-सुटत राहते आणि वरचे स्वरांश जागे होतात. कारागीर कानस घेऊन बसतात आणि जवारी काढतात ती हीच. तेव्हा चिन्ह असं: एक जाड, हलकी वक्र रेघ, तिच्यावरून जाणारी एक सरळ रेघ, दोन्हींच्या मध्ये सुताचा एक ठिपका. भोपळा नाही, खुंटी नाही. कलावंत ओळखेल, शास्त्रज्ञ ओळखेल, आणि बाकीचे विचारतील.

साताऱ्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या परिषदांना कास पठार हाताशी आहे, आणि तिथं सगळे जांभळा गालिचा काढतात. त्यापेक्षा ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे तो वायतुरा, दोन फाट्यांचा तुरा, दोन रेघांत काढता येतो.

बिल्ल्यातून झालेलं जागतिक चिन्ह

परिषदेच्या सामानाला आपण फुकटात मिळणाऱ्या वस्तू म्हणून हसतो. पण संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह जन्माला आलं ते अशाच वस्तूच्या रूपात. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोला जी परिषद भरली, तिच्या प्रतिनिधींना ओळखपत्रासारखा लावायला एक छोटा बिल्ला हवा होता. अमेरिकन सरकारच्या रेखाटनकारांच्या चमूतल्या डोनाल मॅकलॉफ्लिन यांनी तो रेखाटला: उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवून काढलेला जगाचा नकाशा आणि भोवती पानांच्या डहाळ्या. भारताच्या वतीनं सनदेवर सही करणारे रामस्वामी मुदलियार याच परिषदेला होते.

त्या बिल्ल्यावरचा नकाशा असा फिरवलेला होता की यजमान अमेरिका नजरेच्या मधोमध यावी. दक्षिणेकडे तो लवकर कापला होता, त्यामुळे अर्जेंटिनाचा खालचा भाग बाहेर राहिला. बिल्ल्यापुरतं ते खपून गेलं. कायमचं चिन्ह करायची वेळ आली तेव्हा नकाशा फिरवला आणि दक्षिणेला साठ अंश अक्षांशापर्यंत वाढवला, आणि ७ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेनं तो स्वीकारला. उत्तर ध्रुव मध्यात ठेवणं हाही एक दावाच होता, की मधली जागा कुठल्याच देशाची नाही. पण गोल कुठून फिरवला आणि कड कुठे ओढली एवढ्यावरून तो दावा पहिल्या खेपेला फसला होता. जिल्हास्तरीय परिषदेच्या चिन्हात तालुक्यांचा नकाशा टाकणाऱ्यांनी जत आणि आटपाडी कडेला कापले जात नाहीत ना, तेवढं बघावं. तिथले लोक बघतातच.

पिशवी, दोरी, मग

परिषदेचं किट म्हणजे पिशवी, वही, पेन, गळ्यातलं ओळखपत्र आणि नशीब असेल तर मग. यातली प्रत्येक वस्तू 'मी तिथं होतो' याचा पुरावा असते, म्हणजे पिशवीवरचं चिन्ह काहीही असो, पिशवी स्वतः दुसऱ्या वाटेची खूण आहे. म्हणूनच जुन्या परिषदेची पिशवी मंडईत दिसली की दोन अनोळखी प्राध्यापक एकमेकांशी बोलू लागतात. बाजारातून विकत आणलेल्या तशाच पिशवीनं हे होत नाही.

ओळखपत्राच्या दोरीचा रंग ही तर सगळ्यात स्पष्ट बोलणारी खूण. संयोजकांची लाल, पाहुण्यांची पिवळी, विद्यार्थी स्वयंसेवकांची निळी. व्यासपीठावर न जाताही कुणाला आधी जेवायला सोडायचं ते दोरी सांगते. परदेशातल्या काही परिषदांत हाच रंग 'माझा फोटो काढू नका' हे सांगायला वापरतात. तो वापर आपल्याकडेही यावा असं मला वाटतं. परिषदेत जेवढे फोटो निघतात तेवढे निबंधही वाचले जात नाहीत.

पिशवीची मागची बाजू वाचण्यासारखी असते. तिथं प्रायोजक असतात: एखादी सहकारी बँक, एखादा साखर कारखाना, द्राक्षबागांची औषधं विकणारं दुकान, पुस्तकविक्रेता. कुणाचं चिन्ह किती मोठं यावरून रक्कम ताडता येते, आणि पुढच्या बाजूला विषय काहीही असला तरी मागची बाजू जिल्ह्याचं अर्थकारण सांगते. ती बाजू कुणी रेखाटलेली नसते, म्हणून बहुधा पुढच्या बाजूपेक्षा खरी असते.

छपाईचा हिशेब आधी समजून घेतला तर चिन्ह आपोआप सुधारतं. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग होतं आणि त्यात प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. चार रंगांचं चिन्ह म्हणजे चार स्क्रीन, चार वेळा कापड ठेवणं, आणि एकदा जरी कापड हललं तरी ज्योत पुस्तकाबाहेर. बारीक रेघा कापडात पसरून बुजतात. मगवर कितीही रंग छापता येतात, म्हणून लोक मग डोळ्यांसमोर ठेवून चिन्ह करतात आणि पिशवीवर फसतात. उलटं करावं. आधी एका रंगात, जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीच्या दोरीवर ओळखू येईल असं चिन्ह करावं, मग झेरॉक्स काढून बघावी, रंग सगळ्यात शेवटी.

हळदीच्या परिषदेचं काय? पिशवीच हळदीत रंगवण्याचा मोह होतो. हळद सुती कापडाला सहज धरते, वेगळं रंगबंधक लागत नाही. पण उन्हात तो रंग उडतो, धुताना साबणानं तांबडा होतो, आणि पावसात भिजली तर आतल्या प्रमाणपत्रावर उतरतो. पाहुण्यांचा पांढरा शर्ट तर गेलाच. त्यापेक्षा हळदीत बुडवून वाळवलेल्या जाड कागदाची पट्टी वहीत खूण म्हणून घालावी, दुसऱ्या टोकाला परिषदेचं नाव. चहाच्या सुट्टीत हात धुताना साबणाचं बोट लागलं की ती लाल होते, वर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. तिचा खर्च पेनाच्या टोपणाएवढाही नाही, आणि ती हळदीचं चित्रही नाही, हळदीचा संकेतही नाही. ती हळदच आहे.

छापायला देण्यापूर्वी मजकूर दोघांनी वेगवेगळा वाचावा. गणितातल्या सर्वांत मानाच्या समजल्या जाणाऱ्या फील्ड्स पदकाचा साचा शिल्पकार रॉबर्ट टेट मॅकेन्झी यांनी केला. त्यावर रोमन आकड्यांत १९३३ लिहिताना एमच्या जागी एन पडलेला आहे, आणि तो एन जगातल्या उत्तमोत्तम गणितज्ञांच्या घरी पोहोचला आहे. आपल्याकडे फ्लेक्सवर 'आंतरराष्ट्रीय'चं 'अंतरराष्ट्रीय' होतं, ते त्या मानानं सौम्यच.

शेवटची गोष्ट फाईलची. परिषद संपते, डीटीपीवाल्याचा संगणक बदलतो, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी जुन्या पिशवीचा फोटो काढून 'असंच करून द्या' म्हणतं. नवा माणूस फोटोवरून रेघा ओढतो. घोडीवरचा सुताचा ठिपका त्याला शाईचा डाग वाटतो, तो पुसतो. तीन कड्यांतली कुठली रेघ वरून आणि कुठली खालून हे फोटोत नीट दिसत नाही, तो अंदाजानं काढतो, आणि एक छेद जरी उलटा गेला तरी त्या बोरोमियन राहत नाहीत. म्हणून डीटीपीवाल्याकडची मूळ सीडीआर (कोरलड्रॉ) फाईल आणि एका रंगातली पीडीएफ समितीतल्या निदान दोघांच्या ईमेलवर ठेवावी, आणि सोबत चार ओळी लिहून ठेवाव्यात: कोणती रेघ कशासाठी आहे, कोणती हलवली तर चालेल, कोणती नाही.